आकाश बघायला सुरुवात करायचीये, टेलिस्कोप कुठला घेऊ?

आत्ता कुठलाच घेऊ नका! आणि ते ऑनलाइन मिळणारे "५२५ पॉवर" (म्हणजे ५२५ पट मोठं दाखवतो असा दावा) वाले तर अजिबात नको, पॉवरपेक्षा लेन्स किंवा आरशाचा व्यास महत्त्वाचा असतो आणि त्यांचा स्टँड इतका डुगडुगतो की चंद्र पण धड दिसत नाही.

आधी नुसत्या डोळ्यांनी ओळख करा. हिवाळ्यात संध्याकाळनंतर पूर्वेला मृग नक्षत्र बघा, मधे एका रेषेत तीन तारे दिसतील, ती रेषा एका बाजूला वाढवली की व्याधाचा तारा येतो, दुसऱ्या बाजूला रोहिणीचा तारा आणि अजून थोडं पुढे गेलं की कृत्तिकांचा पुंजका. मोबाईलवर स्टेलॅरियम हे आकाशाचा नकाशा दाखवणारं ॲप टाका, फ्री आहे, फक्त ब्राइटनेस कमी ठेवा कारण डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला २०-३० मिनिटं लागतात आणि एकदा स्क्रीन बघितली की सगळं पाण्यात.

मग १०x५० ची दुर्बीण, म्हणजे दोन्ही डोळ्यांनी बघायचा बायनॉक्युलर घ्या (१० पट मोठं दाखवणारा, पुढच्या भिंगाचा व्यास ५० मिमी). हात टेकवून धरली तर गुरूचे चार मोठे चंद्र दिसतात, मृगातला तेजोमेघ (चमकणारा वायूचा ढग) दिसतो, अंधाऱ्या जागी देवयानी दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा प्रचंड समूह, पण धुरकट दिसते (२५ लाख प्रकाशवर्षं लांब आहे ती!). शनीची कडी मात्र नाही दिसणार, त्याला टेलिस्कोपच लागतो.

मुंबईकर असाल तर अमावस्येच्या आसपास बदलापूरजवळच्या वांगणीला जा, तिथे आकाशदर्शनाचे कार्यक्रम होतात, दुसऱ्यांच्या टेलिस्कोपमधून बघा आणि मग ठरवा.