घरी सरावासाठी कॉम्पॅक्ट डिजिटल पियानो घ्यायचा आहे. सुरुवातीला ६१ पट्ट्यांचा हलका कीबोर्ड पुरेल का?

पियानो शिकायचा असेल तर पुरणार नाही. रिदम लावून हौसेनं गाणी वाजवायची असतील तर खुशाल घ्या.

खोली लहान आहे, आणि घरातले म्हणतात ‘आधी साध्या कीबोर्डवर शिक, टिकलास तर पुढचं बघू’, असं तुम्ही लिहिलंय. ते वाक्य वाचलं म्हणूनच उत्तर लिहायला बसले.

माझ्या थोरल्या भावानं नेमकं हेच म्हणत भाचीसाठी हलक्या पट्ट्यांचा कीबोर्ड आणला. त्यात शेकडो टोन, शेकडो रिदम. मी तेव्हाच म्हटलं, दादा, टोन दोनच असू देत, पण पट्टीला वजन हवं. तो म्हणाला, “सूर तेच, बोटं तीच. वजनानं काय फरक पडणार आहे?”

पोर मन लावून सराव करायची. घरी मिन्युएट (जुन्या पाश्चात्त्य नृत्याची धून) अगदी सफाईनं वाजायचा. पण शिकवणाऱ्या बाईंकडे खरा अपराइट पियानो होता आणि तिथं सगळं बिघडायचं. डाव्या हाताचा आवाज उजव्यावर चढायचा. हळुवार वाजवायला गेली की मधले सूर उमटायचेच नाहीत. कार्यक्रमातही सगळ्यांसमोर तसंच झालं, आणि घरी येईपर्यंत मोठ्यांनी निकाल लावून टाकला होता की हिच्या हातात ते नाही. ती तिथंच बसून ऐकत होती. मला त्याचा राग अजून आहे.

कारण दोष तिच्या हातात नव्हताच. पियानोची पट्टी तारेला शिवत नाही, ती नमद्याचा हातोडा तारेकडे फेकते. फेक वेगाची असेल तर आवाज मोठा, हळू असेल तर लहान, आणि फारच हळू झाली तर हातोडा तारेपर्यंत पोचतच नाही, म्हणून सूर गायब. ही फेक बोटांना शिकावी लागते. हलक्या कीबोर्डच्या पट्टीखाली नुसती स्प्रिंग असते. तिच्यावर कितीही घोटलं तरी बोटं ते शिकत नाहीत.

मग भाची सरावाला माझ्याकडे येऊ लागली. माझा ८८ पट्ट्यांचा, हॅमर ॲक्शनचा (म्हणजे पट्टीला हातोड्यासारखं वजन असलेला), साधा डिजिटल पियानो आहे. सुरुवातीला तिची बोटं लवकर थकायची. हळूहळू दोन्ही हातांचा तोल आला, आणि बाईंच्या पियानोवरही तो टिकला. दादा म्हणतो, वय वाढलं, समज आली. मग तीच मुलगी त्याच दिवसांत घरच्या कीबोर्डवर सपाट का वाजवायची? हे मी त्याला विचारलंय. उत्तर आलेलं नाही.

आता तुमच्या जागेचं. ८८ मध्ये ५२ पांढऱ्या पट्ट्या, प्रत्येकीची रुंदी साधारण साडेतेवीस मिलिमीटर. म्हणजे नुसत्या पट्ट्याच १२२ सेंटिमीटर झाल्या. नेहमीच्या मापाच्या पट्ट्या ठेवून कुठलीही कंपनी यात कपात करू शकत नाही, कमी होते ती फक्त पुढून मागपर्यंतची खोली आणि आजूबाजूची पेटी. रोलँड एफपी-१० साधारण १२८ सेंटिमीटर लांब आणि २६ खोल आहे. कॅसिओ पीएक्स-एस११०० ची खोली २३ च्या आसपास. पण फार सडपातळ करायचं म्हटलं की पट्टीचा आतला टेकू जवळ येतो आणि काळ्या पट्ट्यांच्या मधोमध दाबताना ती जड लागते. म्हणून दुकानात पट्टीच्या टोकाशी वाजवून खूश होऊ नका. बी मेजर (पाचही काळ्या पट्ट्या येणारी सरगम) वाजवा, अंगठा आत घालून, अगदी हळू. माझा कल एफपी-१० कडे आहे. पट्टी पूर्ण वर यायच्या आत तोच सूर पुन्हा नीट वाजतो.

टोन किती, ब्लूटूथ आहे का, हे बघूच नका. पॉलिफनी, म्हणजे एका वेळी वाजू शकणाऱ्या सुरांची संख्या, ६४ असली तरी शिकताना पुरते. सोबत येणारं चौकोनी पेडल मात्र बदला, ते जमिनीवर घसरतं. इंग्रजी एक्सच्या आकाराचा स्टँड डुलतो, शक्यतो टाळा. आणि हेडफोन लावले तरी पट्ट्यांची धपधप खालच्या मजल्यावर जाते. खाली जाड रबरी मॅट घाला.

दादाचा आवडता मुद्दा तुमच्या घरीही निघेल: मोझार्टच्या पियानोलाही पाचच सप्तकं होती. खरं आहे, पाच सप्तकं म्हणजे ६१ च पट्ट्या झाल्या. पण त्या पियानोत हातोडा होता, आजच्यापेक्षा हलका, चामड्यानं मढवलेला, पण हातोडाच. माझी तक्रार ६१ या आकड्याबद्दल कधीच नव्हती. भिंत खरोखरच अपुरी पडत असेल तर ७३ पट्ट्यांचा वेटेड, म्हणजे वजनदार पट्ट्यांचा, घ्या, पहिली काही वर्षं निभतील. हलका कीबोर्ड आधीच घरात असेल तर नोटेशन वाचायला आणि ताल पक्का करायला तो चालेल.

घरातले ‘टिकलास तर’वरच अडून बसले तर सेकंडहँड वेटेड शोधा, नाही टिकलात तर पुढे विकता येईल. घेण्याआधी हेडफोन लावून प्रत्येक पट्टी एकाच हलक्या जोरानं दाबून बघा. एखादी मध्येच मोठ्यानं ओरडली तर बहुधा तिचा सेन्सर गेलाय.