वाचकांचे प्रश्न : क्रोशाचे नाताळमोजे

प्रश्न : ताई, नमस्कार. मी ग्वाल्हेरला लष्कर भागात राहते. मुरारच्या माझ्या मैत्रिणीकडे डिसेंबरात एका दोरीवर चोवीस छोटे लाल-पांढरे मोजे टांगतात आणि 1 ते 24 तारखेपर्यंत रोज एका मोज्यातला खाऊ मुलांना देतात. तिच्या आजींनी क्रोशाने विणलेले मोजे आता विरले आहेत, म्हणून नवे करून देण्याचे मी कबूल केले. आजींच्या जुन्या इंग्रजी पुस्तिकेत ‘डबल क्रोशे’ लिहिले आहे, त्याप्रमाणे मी खांब घातले. मोजा 8 सेंटिमीटरचा व्हायला हवा होता, पण माझा जवळजवळ 15 झाला. रुंदी मात्र बरोबर आली. वीण विरळ दिसते आणि टाच वळतच नाही. सुई बारीक घेऊ, की लोकर बदलू?

उत्तर : दोन्ही बदलू नका. तुम्ही रुंदी मोजून कळवलीत, हे फार चांगले केलेत, कारण त्यातच उत्तर आहे. सुई किंवा लोकर जाड असती, तर मोजा लांबीला आणि रुंदीला सारखाच वाढला असता. तुमची लांबी तेवढी वाढली, याचा अर्थ टाकाच उंच पडला आहे.

क्रोशाच्या टाक्यांची ब्रिटिश आणि अमेरिकी नावे एका पायरीने सरकलेली आहेत. ब्रिटिश पुस्तिकेतला ‘डबल क्रोशे’ म्हणजे आपला मुका खांब, म्हणजेच टाक्यात सुई घालून दोरा ओढायचा आणि सुईवरच्या दोन्ही वेढ्यांतून एकदमच काढायचा. त्याच टाक्याला अमेरिकेत ‘सिंगल क्रोशे’ म्हणतात, आणि तिकडचा ‘डबल क्रोशे’ म्हणजे आपला साधा खांब, ज्यात सुईवर आधी एक वेढा घ्यावा लागतो. अलीकडे बहुतेक जणी अमेरिकी नावांच्या चित्रफिती पाहून शिकतात आणि घरातली जुनी पुस्तिका ब्रिटिश नावांची असते, त्यामुळे हा घोटाळा तुमच्या एकटीचा नाही. पुस्तिका पुन्हा चाळून पाहा. ब्रिटिश पद्धतीत ‘सिंगल क्रोशे’ हे नाव सहसा वापरत नाहीत. त्यामुळे तो शब्द कुठेच सापडला नाही आणि टाका सोडण्यासाठी ‘स्किप’ऐवजी ‘मिस’ लिहिलेले असेल, तर ती ब्रिटिश आहे असे समजून सगळे मुके खांब घाला.

टाच न वळण्याचे कारणही हेच आहे. टाचेला घट्ट, बुटका टाका लागतो. उंच खांबांची पट्टी लोंबते, तिची वाटी होत नाही. लहान मोज्यासाठी मी स्वतः जी रीत वापरते, ती सविस्तर देते. चार पदरी लोकर आणि 3 मिलिमीटरची सुई घ्यावी. चवड्याच्या टोकापासून सुरुवात करून दोऱ्याच्या कड्यात 6 मुके खांब घालावेत, दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन घालून 12 करावेत, तिसऱ्या फेरीत एकाआड एक टाक्यात दोन घालून 18 करावेत आणि मग न वाढवता सहा फेऱ्या विणाव्यात. फेरीच्या पहिल्या टाक्यात वेगळ्या रंगाचा दोरा अडकवून ठेवावा, नाहीतर गोल विणीत फेरी कुठे संपली ते कळत नाही. आता 18 पैकी फक्त 10 टाक्यांवर, काम उलटसुलट करत, सहा ओळी विणाव्यात. उरलेले 8 टाके तसेच सोडावेत. ही पट्टी मधोमध दुमडून शेवटच्या ओळीचे पाच टाके समोरच्या पाच टाक्यांना शिवले की टाचेची वाटी तयार होते. शिवण आतल्या बाजूला ठेवावी. त्यानंतर पट्टीच्या दोन्ही कडांवरून सहा-सहा टाके उचलावेत आणि सोडलेले 8 टाके त्यांत मिळवावेत, म्हणजे 20 होतात. कड आणि पुढची बाजू जिथे भेटतात, तिथे दोन्हीकडे दोन टाक्यांचा एक केला की पुन्हा 18 होतात आणि तिथे राहणारी भोकेही बुजतात. यावर लाल रंगाच्या सात फेऱ्या आणि पांढऱ्या तीन फेऱ्या घालून, शेवटी 12 साखळ्यांचा फास करावा. मोजा साधारण 8 ते 9 सेंटिमीटरचा होतो. हात सैल असेल तर एखादी फेरी कमी करावी.

रंग बदलताना नवा दोरा पुढच्या टाक्यात सुरू करू नये. आधीच्या टाक्याचा शेवटचा ओढा नव्या रंगाने काढावा, म्हणजे लाल टोक पांढऱ्यात डोकावत नाही. मोज्यांवर तारखांचे आकडे हवे असतील, तर ते विणत बसण्यापेक्षा पांढऱ्या दोऱ्याने साखळी टाक्यात भरावेत; ते अधिक सुबक दिसतात.

महाराज बाड्याच्या आसपास दुकानदार ज्याला ‘ऊन’ म्हणतात, ते पुष्कळदा अॅक्रिलिक असते. एक धागा चिमट्यात धरून जाळून पाहावा : अॅक्रिलिक वितळून त्याची कडक गोळी होते, खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते. या कामाला अॅक्रिलिक चालेल, पण त्यावर गरम इस्त्री ठेवू नये, वीण कायमची लुळी पडते. रुखवताच्या रुमालांसारखा सुती दोरा घेणार असाल, तर लाल दोरा आधी ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून पाहा. रंग सुटत असेल, तर तो पांढऱ्याशेजारी मुळीच वापरू नका.

झालेले उंच मोजे मात्र उसवू नका, अशी माझी विनंती आहे. आत लाल कापडाचे अस्तर शिवलेत, तर त्यातला एक 24 तारखेच्या मोठ्या खाऊसाठी उपयोगी पडेल. आजींच्या जुन्या मोज्यांपैकी एखादा धड असेल, तर तोही त्याच दोरीवर राहू द्यावा.

प्रश्न : नाताळात मोजेच का टांगतात? आणि ते मेणबत्त्यांजवळ टांगलेले चालतात का? (ग्वाल्हेरच्याच दुसऱ्या वाचक)

उत्तर : चौथ्या शतकात आजच्या तुर्कस्तानातील मायरा येथे संत निकोलस बिशप होते. एका गरीब पित्याच्या तीन मुलींच्या लग्नासाठी त्यांनी रात्री गुपचूप सोने टाकले आणि ते शेगडीपाशी वाळत घातलेल्या मोज्यात पडले, अशी आख्यायिका सांगतात. म्हणून जुन्या चित्रांत मोजे विस्तवापाशी दिसतात. आपण विणलेले मोजे मात्र ज्योतीपासून दूरच ठेवावेत, कारण अॅक्रिलिक पेट घेते आणि त्याचा वितळलेला थेंब कातडीला चिकटून बसतो. मेणबत्त्या मेजावर राहू द्याव्यात आणि मोज्यांची दोरी समोरच्या भिंतीवर बांधावी.