उठून जायचं तर ऑर्डर द्यायच्या आधी

अरे, हॉटेलात जेवायला बसल्यावर मधेच उठून जायला लाजायचं काय त्यात, आवडलं नाही तर सरळ उठायचं. फक्त कधी उठतोस ते बघ. मेन्यू हातात आहे, फक्त साधं पाणी प्यायलंय, अर्धा तास झाला तरी कोणी ढुंकून बघत नाही, तर खुर्ची मागे सारायची आणि निघायचं, कुणाचं काही देणं लागत नाही. ऑर्डर दिल्यावर मात्र आधी वेटरला विचार, किचनमध्ये काम सुरू झालंय का, नसेल तर कॅन्सल करून टाक. मी एकदा न सांगता उठलो आणि दारापर्यंत पोचलो तोच वेटर ताटं घेऊन समोर, असली फजिती झाली की विचारू नकोस!

ताटात केस निघाला तर अर्ध्याहून जास्त संपवून मग तक्रार करू नकोस, कोणी ऐकत नाही. तिथेच हात थांबव, फोटो काढ, मॅनेजरला बोलव. वेटरवर ओरडून उपयोग नाही, बिलातून आयटम काढायचं त्याच्या हातात सहसा नसतंच. जे नीट खाल्लंस तेवढ्याचे पैसे दे आणि सुधारलेलं बिल मागून घे, तोंडी 'बघतो सर' वर जाऊ नकोस.