लग्न सांगलीत नको, एडिसनमध्येच करा

प्रश्न थोडक्यात असा: मी अमेरिकन नागरिक, एडिसनला (न्यू जर्सी) राहते. पगार वर्षाला ५८ हजार डॉलर, शिल्लक २४ हजार. होणारा नवरा २०१९मध्ये टूरिस्ट व्हिसावर आला आणि मुदत संपल्यावरही इथेच राहिला. घरच्यांना लग्न सांगलीत हवंय. शिल्लक घराच्या डाउन पेमेंटला लावावी की ग्रीन कार्डासाठी ठेवावी?

आधी सांगलीचं कार्यालय रद्द करा. ॲडव्हान्स बुडाला तर बुडू दे. मुदतीनंतर वर्षाहून जास्त राहिलेला माणूस अमेरिकेबाहेर पडला, की त्याला १० वर्षांची प्रवेशबंदी लागते. बाहेर पडला नाही तर ती लागत नाही.

इथे राहून अर्ज करण्याचा रस्ता तुम्हाला मोकळा दिसतो, कारण तुम्ही नागरिक आहात आणि तो विमानतळावर रीतसर तपासणी होऊन आत आला. नागरिकाच्या जोडीदाराला मुदत उलटल्याचा किंवा परवान्याशिवाय काम केल्याचा अडसर येत नाही. तुमच्याकडे नुसतं ग्रीन कार्ड असतं, तर आधी नागरिकत्व घ्या म्हटलं असतं. मात्र लग्नाआधी त्याला दोन गोष्टी स्पष्ट विचारा. इमिग्रेशन कोर्टाची जुनी नोटीस किंवा हद्दपारीचा आदेश आहे का? आणि नोकरीच्या फॉर्मवर ‘मी अमेरिकन नागरिक’ या चौकटीत कधी खूण केली होती का? ही दुसरी गोष्ट घडली असेल, तर लग्नानेही ती सहसा पुसली जात नाही.

आता खर्च. एप्रिल २०२४च्या दरांनी आय-१३० (तुमचं नातं दाखवणारा अर्ज) कागदी भरला तर ६७५, आय-४८५ (इथे राहूनच करायचा ग्रीन कार्डाचा अर्ज) साठी १,४४०, कामाच्या परवान्याचे २६०, प्रवास परवान्याचे ६३०. एकूण ३,००५ डॉलर. भरण्याआधी दर पुन्हा बघा. मेडिकलचे काहीशे डॉलर वेगळे, आणि तो अहवाल आय-४८५ सोबतच जोडायचा. साध्या केसला वकील साधारण ३ ते ५ हजार घेतो. इथे ‘ओळखीचा एजंट’ नको. अर्ज दाखल झाला म्हणजे हद्दपारीपासून संरक्षण मिळालं असं होत नाही, म्हणून वकिलासाठी आणखी ३ हजार बाजूला असू द्या.

फीपेक्षा मोठा बोजा आय-८६४चा (नवऱ्याच्या खर्चाची हमी देणाऱ्या फॉर्मचा) आहे, आणि त्याचा विचार फार कमी जण करतात. त्यावर सही केली की नवऱ्याचं उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या सव्वापट राहील याची जबाबदारी तुमची. घटस्फोटाने ती सुटत नाही, लग्नाआधीच्या कराराने सुटेल असंही धरू नका. तो नागरिक झाला, त्याच्या नावावर कामाच्या ४० तिमाह्या (साधारण १० वर्षं) जमल्या, तो कायमचा देश सोडून गेला किंवा दोघांपैकी एक वारलं, तरच ती संपते. दोघांच्या कुटुंबाला २०२५च्या आकड्यांनी २६,४३७ डॉलर लागतात. तुमचा पगार पुरून उरतो. उद्या आई-बाबांनाही आणायचं असेल तर चौघांचा हिशेब ४०,१८७ वर जातो. तोही बसतो, पण नोकरी सुटली तर अडचण.

म्हणून घर आत्ता नको. कामाचा परवाना हातात येईपर्यंत घर तुमच्या एकटीच्या पगारावर चालायचंय. अर्जाचे आणि वकिलाचे मिळून १२ हजार काढा, उरलेले हाय-यील्ड बचत खात्यात ठेवा.

लग्न खरं आहे हे दाखवायला भाडेकरार दोघांच्या नावाने करा, ४०१(के)मध्ये (नोकरीतल्या निवृत्ती खात्यात) त्याला लाभार्थी करा. जॉइंट खातं उघडून त्यात ५०० डॉलर नुसते पडून असले, तर ग्रीन कार्डाच्या मुलाखतीत त्याला वजन नसतं. पगार तिथेच जमा होऊ द्या. भाडं, वीजबिल, किराणा तिथूनच जाऊ द्या. सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर आयटीआयएन (टॅक्स भरण्यापुरता नंबर) काढून टॅक्स एकत्र भरता येतो. त्याच्या भारतातल्या एफडी, बचत खाती मिळून वर्षात कधीही १० हजार डॉलरवर गेली, तर त्याला एफबार (परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म) भरावा लागेल.

मंजुरीच्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील, तर कार्ड दोनच वर्षांचं मिळेल. ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत आय-७५१ (दोन वर्षांची अट काढण्याचा अर्ज) भरायचा. फी ७५० डॉलर. सांगलीचं रिसेप्शन कार्ड हातात आल्यावर, वकिलाला विचारून ठरवा.