आई साताऱ्याची, तरी मुलगी परदेशी?

प्रश्न : माझं माहेर साताऱ्याचं. चेन्नईत नर्सची नोकरी करताना लग्न केलं. नवरा श्रीलंकन तमिळ. १९९० साली, चार वर्षांचा असताना, आईवडिलांबरोबर बोटीतून रामेश्वरमला उतरला. चेन्नईजवळच्या गुम्मिडिपूंडीच्या निर्वासित कॅम्पात वाढला, आता रंगकाम करतो. मुलगी २०१९ ची, जन्म इथलाच. तिला पासपोर्ट नाकारला, कारण वडील ‘बेकायदा स्थलांतरित’. नवऱ्याला नागरिकत्व मिळेल का? की भारत धर्मशाळा नाही म्हणून हाकलतील?

उत्तर : ताई, आधी मुलीचं बघू.

पासपोर्टवाल्यांनी आडमुठेपणा केलेला नाही, कायदाच तसा आहे. ३ डिसेंबर २००४ पासून इथे जन्मलेल्या मुलाची आई भारतीय असून भागत नाही; वडीलही ‘बेकायदा स्थलांतरित’ नसावे लागतात. पण त्याच नागरिकत्व कायद्याचं कलम ५(४) फारसं कुणी उघडत नाही. विशेष परिस्थिती असेल तर केंद्र सरकार कोणत्याही अल्पवयीन मुलाची नागरिक म्हणून नोंदणी करू शकतं. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांमार्फत करा. जन्मदाखला, लग्नाची नोंद, तुमच्या नागरिकत्वाचे पुरावे, शाळेचा बोनाफाईड आणि पासपोर्ट नाकारल्याचं पत्र जोडा. ते पत्र रागाच्या भरात फाडलं नसेल अशी आशा आहे. तुमचा सगळ्यात कामाचा कागद तोच.

नवऱ्याचं अवघड आहे. भारतीयाशी लग्न आणि सात वर्षांचा रहिवास यावर नोंदणी होते खरी, पण बेकायदा स्थलांतरिताला ते दार बंद. सीएएमध्ये, म्हणजे नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात, बसवून देतो म्हणणाऱ्या एजंटला दमडी देऊ नका. २०१९ ची ती दुरुस्ती पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानपुरती आहे. तमिळ हिंदू असला तरी श्रीलंका त्यात नाही. का नाही, याचं पटेल असं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही.

आता सासूबाईंना एक विचारा : घराणं मूळचं उत्तर श्रीलंकेतल्या जाफना-मन्नारकडचं, की चहाच्या मळ्यावरचं? मळ्यांवर राबायला ब्रिटिशांनी तमिळनाडूतून नेलेल्या मजुरांपैकी लाखोंना १९६४ च्या शास्त्री-सिरिमावो (दोन्ही देशांच्या पंतप्रधानांमधल्या) करारानुसार भारताने नागरिकत्व द्यायचं ठरलं होतं. दंगलींमुळे मळा सोडून उत्तरेकडे गेलेली बरीच कुटुंबं पुढे भारतात यायला बोटीत बसली. आजोबांच्या ट्रंकेत त्या काळचा भारतीय पासपोर्ट किंवा नागरिकत्वाच्या अर्जाची पावती निघाली, तर प्रकरणाचा रंगच बदलतो. अशा भारतीय वंशाच्या निर्वासितांच्या अर्जांचा विचार करा, असं मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने २०१९ मध्ये केंद्राला सांगितलं आहे. केंद्र सहजी मानत नाही, भांडावं लागेल.

धर्मशाळेचं म्हणाल, तर सर्वोच्च न्यायालयाचा मे २०२५ मधला तो शेरा यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली शिक्षा झालेल्या माणसाच्या सुनावणीतला आहे. तुमच्या नवऱ्याला तो तसाच लागू होत नाही. उलट, सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या परकीय नागरिक कायद्याखाली, ९ जानेवारी २०१५ पर्यंत आश्रय घेतलेल्या नोंदणीकृत श्रीलंकन तमिळांना पासपोर्ट-व्हिसा नसल्याबद्दलच्या शिक्षेतून सूट आहे. ‘नोंदणीकृत’ हा शब्द लक्षात ठेवा. कामासाठी कुठेही राहिलात तरी कॅम्पातली नोंद आणि ओळखपत्र जिवंत ठेवा.

मात्र सूट हा हक्क नव्हे. आपलं सरकार जिनेव्हात, संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेत, श्रीलंकेला तमिळांच्या समतेची आणि सन्मानाची आठवण करून देतं, श्रीलंकेवरच्या ठरावांच्या मतदानात २०२१ ला आणि २०२२ ला तटस्थ राहतं, आणि निर्वासितांबद्दलच्या १९५१ च्या करारावर सही करत नाही. पस्तीस वर्षं इथे राहिलेल्या माणसाला निदान अर्ज करण्याचा हक्क द्यायला जिनेव्हाची गरज नाही, संसदेत एक दुरुस्ती पुरे.

राहिलं परत पाठवणं. घटनेचं कलम २१, म्हणजे जगण्याचा हक्क, परकीयालाही आहे. चकमा निर्वासितांच्या १९९६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलं. श्रीलंकेत परतणं स्वेच्छेनेच व्हायला हवं. २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेच्या मदतीने परतलेल्या एका वृद्धाला जाफन्याच्या पलाली विमानतळावरच अटक झाली. गुन्हा काय, तर पूर्वी पासपोर्टशिवाय देश सोडला. तेव्हा ‘मी राजीखुशीने जातो’ अशा कागदावर कुणी सही मागितली, तर नवऱ्याने ती करू नये. कागदाची प्रत मागून घ्यावी आणि त्याच दिवशी वकिलाला दाखवावी.