रंगीत पक्ष्यांची नाणी घेताय? आधी हे वाच

अरे, पहिलंच नाणं घेतोयस तर एक गोष्ट पक्की करून टाक, रंग टाकसाळीनेच दिलाय की नंतर कुणी खासगीत चढवलाय. नंतरचा असेल तर तिरकं धरून बघ, चित्राखालून जुन्या डिझाइनचा उठाव दिसतो. अशी नंतर रंगवलेली नाणी पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी-बुधवारी आरामात मिळतात, आवडलं तर घे, पण चहा-वडापावच्या भावात, कारण विकायला गेलास की कोणी विचारत नाही.

खरी मजा कॅनडाच्या टाकसाळीच्या २५ सेंटवाल्या मालिकेत आहे. २००७ ला हमिंगबर्ड आणि नटहॅच आले, २००८ ला लालभडक कार्डिनल. चांगली मोठी, ३५ मिमीची. स्टीलवर निकेलचा मुलामा आहे, त्यामुळे चुंबकाला चिकटतात, कोणी "चांदीचं आहे साहेब" म्हणाला तर खिशातलं चुंबक काढायचं आणि गंमत बघायची. मूळ डबी आणि सर्टिफिकेट नसेल तर मी तरी भाव पाडूनच मागतो.

आणि प्लीज, घासू नकोस!! मी सुरवातीला शहाणपणा करून एकाला चिंच लावली, पक्ष्याच्या पोटाचा रंगच निघून आला, ते नाणं अजून ड्रॉवरमध्ये आहे, बघितलं की स्वतःचाच राग येतो. कडेला धरायचं फक्त. पीव्हीसीची मऊ पाकिटं नको, कालांतराने चिकट हिरवट थर बसतो, नाण्यांची कडक प्लास्टिकची कॅप्सूल (गोल डबी) घे. पावसाळ्यात आपल्याकडे कपाटं कशी दमट होतात माहितीये ना, डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकून ठेव.