फिलिबस्टर म्हणजे वेळकाढूपणा नव्हे

प्रश्न असा आलाय की अमेरिकेत बंदुकीच्या कायद्याचं विधेयक अडलं की मराठी बातम्यांत "फिलिबस्टर" हा शब्द येतो, कुणी त्याचं भाषांतर "वेळकाढूपणा" करतं, कुणी "गोंधळ", एका ठिकाणी तर "सभात्याग" वाचला, तर नेमका मराठी शब्द कोणता? आणि जाता जाता, तो फिलिबस्टर की ते फिलिबस्टर?

फिलिबस्टर म्हणजे सिनेटमध्ये, अमेरिकी संसदेच्या शंभर जणांच्या वरच्या सभागृहात, अल्पमतातल्यांनी विधेयक मतदानापर्यंत पोचूच न देणं. सभात्यागाचं आधी उरकतो. सभात्याग म्हणजे उठून बाहेर जाणं. फिलिबस्टर करणारा जागचा हलत नाही, तिथेच ठाण मांडतो. बरोब्बर उलटा अर्थ छापलाय आणि कुणाला खटकला नाही. "गोंधळ" कुठून आला ते मात्र कळतं. आपल्याकडे विरोधक घोषणा देत अध्यक्षांसमोरच्या हौदात उतरतात, कामकाज तहकूब होतं, तेच चित्र डोळ्यासमोर ठेवून बातमी लिहिली जाते. पण अमेरिकेच्या सिनेटमध्ये असं काही होत नाही, तिथं सगळं अतिशय शांतपणे अडतं.

मला खरा राग आहे तो "वेळकाढूपणा"चा. हा मी गेली दहा वर्षं ऐकतोय, प्रत्येक मोठ्या गोळीबारानंतर ऐकतोय. पण का चुकीचा ते सांगण्याआधी हा शब्द आला कुठून ते बघा, कारण उत्तर तिथेच आहे.

डच भाषेत व्रेइबाउटर असा एक शब्द आहे. व्रेइ म्हणजे मोकळा, बाउट म्हणजे लूट. मोकाट लुटारू. इंग्रजांनी त्याचा सरळ फ्रीबूटर केला (हाच तो शब्द जो इंग्रजांनी पेंढाऱ्यांना लावला आणि बिनदिक्कत मराठ्यांनाही लावला, म्हणून तो आपल्याला अगदीच परका नाही). फ्रेंचांनी त्याचा फ्लिब्युस्तिए केला, कॅरिबियन समुद्रात स्पॅनिश जहाजं लुटणारे चाचे ते हे. स्पॅनिश लोकांनी त्यावरून फिलिबुस्तेरो केलं आणि तिथून तो फिरून इंग्रजीत फिलिबस्टर म्हणून आला. म्हणजे फ्रीबूटर आणि फिलिबस्टर हे सख्खे भाऊ, एक थेट घरी आला आणि दुसरा पॅरिस, हवाना करत आला.

आता व्रेइ मधल्या र चा ल कसा झाला? इथं मला राहवत नाही. व्रेइबाउटर मध्ये दोन र आहेत, सुरुवातीला एक, शेवटी एक. एकाच शब्दात दोन र आले की जीभ अडखळते आणि त्यातला एक ल होऊन बसतो. हे समजायला डच यायची गरज नाही, आपल्या आजीचं मराठी पुरे. दरिद्री, दोन र, आजी काय म्हणायची? दळिद्री. हरिद्रा, पुन्हा दोन र, तिची झाली हळद. संस्कृतातून मराठीत येताना जे हळदीचं झालं तेच हॉलंडमधून फ्रान्सला जाताना त्या लुटारूचं झालं. स चं म्हणाल तर तो फ्रेंचांनी आधी लिहिण्यात घुसवला, बहुधा उच्चारात नव्हताच, पुढे स्पॅनिशात जाता जाता तोंडातही आला.

काही जाणकार अजूनही सांगतात की हा शब्द व्लीबोट नावाच्या डच होडीवरून आलाय. व्ली नावाच्या खाडीत चालणारी उथळ तळाची होडी. मला हे अजिबात पटत नाही. होडीवरून माणसाचं नाव पडू शकतं, मान्य, पण इथं लुटारू असाच अर्थ असलेला, तशाच आवाजाचा शब्द समोर आयता उभा असताना होडी शोधत फिरायचं कशाला? आणि जुन्या इंग्रजीत जे सुरुवातीचं रूप सापडतं, फ्लिबुटर, त्यात तो शेवटचा "बुटर" स्पष्ट ऐकू येतो. होडीवाल्यांनी दळिद्री हा शब्द एकदा मोठ्याने म्हणून बघावा.

अमेरिकेत हा शब्द घरोघरी पोचला तो 1850 च्या दशकात. तेव्हा काही अमेरिकन लोक खासगी फौजा घेऊन मध्य अमेरिकेतले देश बळकवायला निघाले होते, त्यांना फिलिबस्टर म्हणत. सगळ्यात नावाजलेला विल्यम वॉकर, टेनेसीचा, 1855 ला निकाराग्वात उतरला, 1856 ला स्वतःला तिथला अध्यक्ष म्हणवून घेतलं आणि 1860 ला होंडुरासमध्ये गोळ्या घालून मारला गेला. त्याच दशकात वॉशिंग्टनमध्ये कामकाज रोखून धरणाऱ्या सदस्यांना चिडून कुणीतरी फिलिबस्टर म्हटलं आणि ते चिकटलं. म्हणजे शिवी होती ती. तू लुटारू आहेस, तू सभागृहाची वाट अडवून बसलायस.

वाट अडवून! शब्दाचा जीव इथे आहे. वेळ काढण्यात नाही.

वेळकाढूपणाचं चित्र कुठून आलं ते उघड आहे. रात्रभर उभं राहून बोलणारा सिनेटर, 1957 साली नागरी हक्कांच्या विधेयकाविरुद्ध स्ट्रॉम थर्मंड 24 तास 18 मिनिटं बोलला, ते चित्र. पण हे आता जवळजवळ इतिहासात जमा आहे. चर्चा थांबवून मतदान घ्यायचा नियम 1917 ला आला तेव्हा दोन तृतीयांश मतं लागायची, 1975 ला ती 60 वर आणली, आणि त्याच्या थोडं आधी, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, अशी सोय केली गेली की एक विधेयक अडलं तर ते बाजूला ठेवून दुसरं काम चालू ठेवायचं. त्यामुळे अडवणाऱ्याला उभं राहावं लागत नाही, बोलावं लागत नाही, घसा कोरडा करावा लागत नाही. 100 पैकी 41 जण नाही म्हणणार एवढं कळलं की झालं. वेळ कुणाचाच जात नाही, जातो तो कायदा.

सगळ्यात जवळून बघायचं तर 17 एप्रिल 2013 घ्या. चार महिन्यांपूर्वी, 14 डिसेंबर 2012 ला, कनेटिकटमधल्या न्यूटाउन गावी सँडी हूक शाळेत 20 मुलं आणि 6 मोठी माणसं मारली गेली होती, मुलं सहा-सात वर्षांची. डेमोक्रॅट जो मँचिन आणि रिपब्लिकन पॅट टूमी, दोघेही बंदूकवाल्यांचे लाडके, यांनी मिळून दुरुस्ती आणली की बंदुकीच्या जत्रांमध्ये आणि इंटरनेटवर जाहिरात देऊन होणाऱ्या विक्रीलाही गिऱ्हाईकाची पूर्वतपासणी लागू करा. एवढंच. (मराठी बातम्यांत याला "बंदूकबंदी" म्हटलं गेलं, हाही अत्याचारच आहे, बंदी कुठेच नव्हती. आपल्याकडे शस्त्र परवाना काढताना जी पोलीस चौकशी होते त्याच्या पासंगालाही पुरणार नाही इतकी छोटी तपासणी होती ती. बंदूक-नियमन म्हणा. आणि शस्त्रनियंत्रण तर मुळीच नको, ते दोन देशांत क्षेपणास्त्रांवरून होतं.)

मतं पडली 54 विरुद्ध 46. चोपन्न बाजूने. आपल्या कुठल्याही माणसाला विचारा, पास झालं म्हणेल. नापास झालं, कारण 60 लागतील हे आधीच ठरलं होतं, आणि ठरलं होतं ते दोन्ही बाजूंच्या संमतीने! म्हणजे कुणी रात्रभर बोललं नाही, कुणी डायरीतली पानं वाचून दाखवली नाहीत, लुटारू प्रत्यक्ष वाटेवर आलाच नाही, तो येऊ शकतो एवढ्यावर सगळ्यांनी आधीच पैसे काढून ठेवले. प्रेक्षक सज्जातून एका बाईंनी "शेम ऑन यू" म्हणून ओरडून सांगितलं, तेवढाच त्या दिवशीचा आवाज. सांगा, यात वेळकाढूपणा कुठे आहे?

म्हणून माझं उत्तर, अडवणूक. आणि हे मी काटकसर म्हणून सुचवत नाहीये, मराठीत याहून नेमका शब्द नाही. अडवणूक म्हणजे नुसतं अडवणं नाही. दुसऱ्याचं अडलंय हे बघून त्याचा फायदा उठवणं ही छटा त्यात मुळातच आहे, अडला हरी गाढवाचे पाय धरी मधलं ते अडणं. वाणी अडवणूक करतो, घरमालक करतो, जमिनीच्या कागदावर सही लागणारा भाऊबंद करतो. बोलायची गरज नाही, सही नाही केली की झालं. सिनेटमध्ये हेच होतं. शिवाय वाट अडवणारा लुटारू त्यात आहेच, म्हणजे व्युत्पत्तीही सांभाळली गेली. "दीर्घभाषणी अवरोध" छापाचे शब्द घडवणाऱ्यांनी बातमी मोठ्याने वाचून बघावी, तो शब्द बोलता येत नाही आणि आता तर खराही नाही.

माझ्या एका मित्राने, शब्दांतला चांगला दर्दी माणूस, "धरणं" सुचवलं. ठाण मांडून बसणं आहे ना, मग धरणं. इथं मी त्याच्याशी भांडलो आणि अजून भांडतोय. धरणं कोण धरायचं? ज्याचं येणं बाकी आहे तो. सावकार कुळाच्या दारात बसायचा, पेशवाईत पगार थकला की शिपाई सरदाराच्या दारात बसायचे, उपाशी, आणि आतल्यालाही जेवू द्यायचे नाहीत. दैवी कोपाचा धाक इतका खरा होता की 1860 च्या भारतीय दंड विधानात कलम 508 खाली दारात धरणं धरण्याचं उदाहरणच घातलं होतं. धरण्यात बसणाऱ्याचा हक्क असतो, आणि त्रासही आधी तोच सोसतो. सिनेटमधल्या अडवणुकीत बसणाऱ्याला काडीचा त्रास नाही, आणि येणं त्याचं नाही, त्याच्याकडून आहे.

खरं धरणं बघायचं असेल तर ते अमेरिकेत झालंय, पण दुसऱ्या बाजूने. जून 2016, ऑरलँडोतल्या पल्स क्लबमध्ये 49 माणसं मारली गेली. तीन दिवसांनी कनेटिकटचा सिनेटर क्रिस मर्फी उभा राहिला आणि जवळजवळ पंधरा तास बोलत राहिला, कशासाठी, तर बंदुकीच्या विधेयकांवर मतदान घ्या म्हणून. मतदान अडवायला नाही, मिळवायला! मतदान मिळालं, 20 जूनला चार प्रस्ताव आले, चारही पडले. मग 22 जूनला हाउसमध्ये, म्हणजे खालच्या सभागृहात, जॉन लुइस यांच्या पुढाकाराने डेमोक्रॅट सदस्य सभागृहाच्या जमिनीवर बसले. खुर्च्या सोडून, सूटबूटात, खाली गालिच्यावर. कामकाज तहकूब केल्याने कॅमेरे बंद झाले तर त्यांनी आपापल्या फोनवरून दाखवलं. दिवस उलटून गेला तरी बसून होते. हे लुइस साठच्या दशकात नॅशव्हिलच्या हॉटेलांत काळ्यांना वाढा म्हणून काउंटरवर बसलेले, बसण्यातली ताकद त्यांना ठाऊक होती. हाउसमध्ये अडवणुकीचा तो नियम नाही, म्हणून त्यांच्याकडे उरलं ते धरणं. या दोन गोष्टींना मराठीत एकच शब्द वापरला तर वाचणाऱ्याला काय कळणार?

ग्रिडलॉकला, म्हणजे सगळंच कामकाज ठप्प होण्याला, मात्र "कोंडी" एकदम फिट आहे, तो शब्दही न्यूयॉर्कच्या चौकांतल्या वाहतूक कोंडीतूनच वर आला, 1980 च्या तिथल्या ट्रान्झिट संपात गाजला. पण कोंडीत कुणाचाच दोष नसतो, सगळेच अडकलेले असतात, म्हणून तिथंही जपून. 2021 च्या मार्चमध्ये पूर्वतपासणीचं विधेयक हाउसने 227 विरुद्ध 203 ने पास केलं आणि सिनेटमध्ये ते मतदानालाच आलं नाही, याला कोंडी म्हणणं म्हणजे अडवणाऱ्याचं नाव झाकणं आहे. वायोमिंगची वस्ती सहा लाखांच्या आत, कॅलिफोर्नियाची चार कोटींच्या जवळ, दोघांचे सिनेटर दोन-दोनच, त्यामुळे ते 41 जमवायला फार माणसं लागत नाहीत. आणि सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश नेमताना हाच नियम 2017 ला काढून टाकला, तिथे साधं बहुमत चालतं. त्या साध्या बहुमताने आलेले तिघे 2022 ला न्यूयॉर्कचा बंदूक बाळगण्याचा शंभर वर्षांहून जुना नियम रद्द करणाऱ्या सहा जणांत होते. त्याच दिवशी, 23 जूनला, टेक्सासमधल्या युवाल्डीच्या शाळेत मारल्या गेलेल्या 19 मुलांनंतर सिनेटने 65 विरुद्ध 33 ने एक मर्यादित कायदा पास केला, जवळपास तीस वर्षांतला पहिला मोठा. अडवणूक मोडता येते, पण किती दिवसांनी.

मला हे इतकं का लागतं तेही सांगतो. माझी भाची न्यू जर्सीत असते, तिची मुलगी पहिलीत. मागच्या वर्षी व्हिडिओ कॉलवर तिने मला शाळेतलं ड्रिल करून दाखवलं. लाइट बंद केला, कपाटाच्या कडेला पाय पोटाशी घेऊन बसली, तोंडावर बोट ठेवलं. मी विचारलं किती वेळ बसायचं, तर म्हणाली, "टीचर सांगेपर्यंत, आजोबा, पण बोलायचं नाही." तिला मराठी छान येतं. तिला उद्या विचारावंसं वाटलं की कायदा का नाही झाला तर मी "वेळकाढूपणा" हा शब्द तिला देणार नाही.

राहिलं लिंग. इंग्रजी शब्दच ठेवायचा असेल तर पुल्लिंगी, तो फिलिबस्टर, कारण मुळात तो माणूस होता, लुटारू. लि ऱ्हस्व. आणि अडवणूक अर्थातच ती.